घराच्या कागदावर कुणाची सही राहिली?

माणूस बैल विकत घेतो तेव्हा त्याचे दात मोजतो, त्याला चालवून पाहतो, खांद्यावर जुनी जखम आहे की काय हे हात फिरवून तपासतो. तोच माणूस घर घेताना भिंतीवर थाप मारतो, विहिरीचे पाणी चाखतो, वारा कुठून येतो ते पाहतो. परंतु ज्या कागदावर सारे अवलंबून असते तो कागद मात्र न वाचताच घडी करून पेटीत ठेवतो. पुढे आठदहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी अथवा आजारपणासाठी त्या घरावर कर्ज काढावयाचे ठरते, बँकेचा वकील तो कागद मागतो, आणि मग कळते की, घर आपले असले तरी आपल्या नावाचे नाही, किंवा नावाचे असले तरी आपले नाही.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस हे मुख्य नगदी पीक. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती येऊ लागले की गावोगाव घरांची व जागांची बोलणी सुरू होतात. रविवारच्या मिस्सानंतर कागदांची पुडकी घेऊन माणसे चर्चच्या ओसरीवर बसतात. धर्मगुरू हा काही वकील नव्हे. तथापि वाचता येणारा आणि व्यवहारात दलाली न मागणारा माणूस म्हणून त्याच्याकडे कागद येतात, आणि ते वाचता वाचता काही गोष्टी ध्यानात येतात त्या येथे मांडीत आहे.

घर ही ख्रिस्तसभेने कधीही क्षुल्लक मानलेली वस्तू नव्हे. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात असे प्रतिपादन केले आहे की, कष्टकऱ्याने काटकसर करून घेतलेल्या जमिनीवर त्याचा हक्क त्याच्या मजुरीवरील हक्काइतकाच न्याय्य आहे. तेव्हा सदोष कागदापायी घर जाणे म्हणजे पंधरा-वीस वर्षांची मजुरी जाणे होय.

आता दोष म्हणजे काय? लोक समजतात की तो शाईचा, शिक्क्याचा किंवा आकड्याचा दोष असतो. तसे दोषही असतात, आणि ते दुरुस्तीपत्र करून बहुधा लवकर निघतात. खरा दोष निराळा असतो. कुणीतरी एक माणूस, ज्याला विचारावयास हवे होते, त्याला विचारलेले नसते. त्याची सही कागदावर नसते. म्हणून खरेदीखत हाती घेताना त्यावर कुणाच्या सह्या आहेत हे पाहण्याबरोबरच कुणाची सही नाही हे शोधावयाचे असते.

उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहामाचा जमीन-व्यवहार या दृष्टीने फार बोधप्रद आहे. साराचा अंत झाला तेव्हा परक्या मुलखात राहणाऱ्या अब्राहामाजवळ तिला पुरण्यापुरतीही स्वतःची जागा नव्हती. मकपेला येथील गुहा एफ्रोन हित्ती याच्या मालकीची होती. एफ्रोन ती तशीच देऊ करीत होता. अब्राहामाने ते नाकारले. त्याने नगराच्या वेशीत, हेथाच्या सर्व लोकांसमक्ष चारशे शेकेल रुपे तोलून दिले, आणि शेत, गुहा व शेताच्या हद्दीतील झाडे यांचा स्पष्ट उल्लेख होऊन ती जागा त्याची ठरली. या हकिकतीत भाव किती पडला यापेक्षा व्यवहार कोठे झाला हे मला महत्त्वाचे वाटते. ज्याला ज्याला आक्षेप घेता आला असता तो प्रत्येक माणूस त्या वेशीत हजर होता.

आपल्याकडे असा एक समज फार दृढ आहे की, कचेरीत रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मालकी दिली. हा समज घातक आहे. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या प्रयत्नाने एक कायदा झाला. त्या पद्धतीत सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, अशी हमी सरकार देते. भारतातील १९०८ चा नोंदणी कायदा तशी हमी देत नाही. येथे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदला जातो तो दस्तऐवज. विकणारा खरोखर मालक आहे, असा दाखला ती कचेरी देत नाही. उलट बाजूने, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदलेल्या खरेदीखताशिवाय विकलीच जात नाही. म्हणजे रजिस्ट्रीवाचून मालकी येत नाही, आणि नुसत्या रजिस्ट्रीनेही ती येत नाही. ज्याच्यापाशी जे नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, मग शिक्के कितीही असोत.

बहिणीचा वाटा

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या कागदांत राहून गेलेली सही बहुतेक वेळा बहिणीची असते. हा विषय कित्येकांना रुचणार नाही. परंतु तो टाळून घराविषयी लिहिणे म्हणजे पायाविषयी न बोलता छपराची चर्चा करणे होय.

भारतातील बहुतेक सर्व ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्याची योजना सोपी आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला आणि त्याच्यामागे पत्नी व मुले असली, तर एक तृतीयांश मिळकत विधवेची आणि उरलेली दोन तृतीयांश मुलांची. मुलांमध्ये मुलगा व मुलगी असा भेद नाही, आणि मुलगी विवाहित की अविवाहित हा प्रश्नही नाही. एखादे मूल बापाच्या आधीच वारले असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांकडे जातो. पत्नीच्या नावे मिळकत असून ती आधी वारली तर पतीला हाच नियम लागतो.

समजा, एका गृहस्थाने तीन खोल्यांचे घर मागे ठेवले. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. आईचा वाटा एक खोलीइतका. उरलेल्या दोन खोल्यांत चार भावंडे, म्हणजे प्रत्येकाची अर्धी खोली. दोघी बहिणींची मिळून एक पूर्ण खोली झाली. आता दोघे भाऊ आईचा अंगठा घेऊन ते घर विकतात. वारस म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी त्यांचीच नावे लागलेली असतात, कारण बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांना साडीचोळी दिली, आणि विषय संपला असे सर्वांनी धरलेले असते. घेणारा पूर्ण किंमत मोजतो, पण त्याला मिळतात दोनच खोल्या. तिसरी खोली विकण्याचा अधिकार विकणाऱ्यांना नव्हताच.

त्याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. हस्तांतरण कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमात अशी तरतूद आहे की, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एखाद्याचा हिस्सा परक्याने घेतला, तर त्या परक्याला घरात सामाईक ताब्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणी मागावी. ज्याने राहण्यासाठी घर घेतले त्याला न्यायालयात वाटणीचा दावा मिळाला, असा याचा अर्थ.

आणि मग आठ वर्षांनी बहीण येते. कधी तिचा नवरा आजारी असतो, कधी मुलगा बेकार असतो, कधी ती विधवा होऊन माहेरी परतलेली असते. ती हक्क मागते, आणि सारा गाव तिला नावे ठेवतो: इतकी वर्षे कोठे होती, आताच कशी आठवण झाली? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तिने द्यावयाचे नाही. तिला जेव्हा विचारावयास हवे होते तेव्हा विचारले नाही, त्यांनी ते द्यावयाचे आहे. गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची कथा आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाचजणी मोशे व सर्व मंडळी यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि बापाचे वतन आम्हांस का नाही असे त्यांनी विचारले. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे नेला, आणि निर्णय मुलींच्या बाजूने झाला. पवित्र शास्त्रात त्या पाचही जणींची नावे जपून ठेवलेली आहेत. आमच्या वारस-नोंदींत मात्र मुलींची नावे अनेकदा सापडत नाहीत.

एक नोंदवही मात्र अशी आहे की जिच्यात ती सापडतात. चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत प्रत्येक मुलीचे नाव, आईबापांची नावे व तारीख मुलाइतक्याच काळजीने लिहिलेली असते. विवाहाच्या व दफनाच्या नोंदीही असतात. ख्रिस्ती कुटुंबाकडून घर घेणाऱ्याने त्या कुटुंबातील माणसे किती हे शेजाऱ्यास विचारण्याऐवजी या नोंदींचा दाखला मागावा. घरी कधी न सांगितलेली एखादी थोरली बहीण, जी पूर्वी लग्न होऊन नांदेडकडे वा मुंबईस गेली, तिचा पत्ता या जुन्या पानांतून लागण्याचा संभव असतो.

हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, आणि त्याची दुरुस्ती घर घेण्यापूर्वी करणे स्वस्त पडते. सर्वांत चांगला मार्ग असा की आई, भाऊ, बहिणी आणि वारलेल्या भावंडांची मुले या सर्वांनी एकाच खरेदीखतावर विकणारे म्हणून सही करावी व प्रत्येकाला आपल्या वाट्याचा पैसा मिळावा. बहिणींना वाटा नको असेल तर त्यांनी नोंदणी केलेले हक्कसोडपत्र द्यावे. तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. वारसांत कुणी अज्ञान मूल असेल तर त्याचा वाटा विकण्यास न्यायालयाची परवानगी काढावी लागते; आईची किंवा काकाची सही त्यासाठी पुरत नाही. आणि हक्कसोडपत्र लिहून घेणाऱ्या भावांना एवढेच विचारावेसे वाटते की, माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही खुशीची सही कशी म्हणावी? घर विकून पैसा येणार आहे. त्यातील तिचा भाग तिच्या हाती ठेवून मग सही मागावी.

मृत्युपत्राने हा गुंता पुष्कळ कमी होतो. ख्रिस्ती माणसाला आपल्या मिळकतीची व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही. आणि २००२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय ख्रिस्ती लोकांना त्याचे प्रोबेट घेण्याची सक्ती राहिलेली नाही. तरी आपल्यातील फार थोडे लोक मृत्युपत्र करतात, जणू ते लिहिले की मरण लवकर येते.

गोंडांचा मुलूख

दुसरी सही अशी आहे की ती मिळाली तरी उपयोग नाही. हे वाचून कुणी चकित होईल. परंतु आदिलाबादच्या बाजूला घर घेऊ पाहणाऱ्याने, विशेषतः पैनगंगेच्या पलीकडून यवतमाळ, नांदेड वा चंद्रपूरकडून येणाऱ्याने, ही गोष्ट सर्वांआधी समजून घ्यावी.

महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घ्यावयाची झाल्यास जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे तिकडच्या लोकांच्या मनात असे बसलेले असते की, खटपट करून परवानगी मिळाली म्हणजे झाले. इकडे तसे नाही. या मुलखातील पुष्कळ गावे १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर झाली. आंध्र प्रदेशाने १९५९ साली अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाविषयी जो विनियम केला तो १९६३ साली तेलंगणाच्या भागास लागू झाला, आणि १९७० च्या फेब्रुवारीत त्यात मोठा बदल करण्यात आला. तेव्हापासून या क्षेत्रातील स्थावर मिळकत आदिवासीने किंवा बिगर-आदिवासीने, कुणीही विकली, तरी घेणारा आदिवासी अथवा केवळ आदिवासींची सहकारी संस्था असल्याखेरीज तो व्यवहार शून्यवत् आहे. बिगर-आदिवासीने बिगर-आदिवासीला विकलेले घरही त्यात आले. गहाण, भाडेपट्टा, बक्षीस, अदलाबदल ही सर्व त्यात आली. शिवाय कायदा असे गृहीत धरतो की, बिगर-आदिवासीच्या ताब्यातील तेथील जमीन मुळात आदिवासीकडूनच आलेली आहे. तसे नसल्यास ते सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली हा विनियम घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला, आणि १९९७ च्या समता खटल्यात तर सरकारलाही अशी जमीन खाणींसाठी बिगर-आदिवासींना भाडेपट्ट्याने देता येत नाही असे ठरविले.

एवढे असूनही दलाल वाटा काढतात. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर करार होतो. कधी कर्जाऊ रक्कम दाखवून जागेचा ताबा दिला जातो. कधी ओळखीच्या गोंडाच्या नावाने जागा घेऊन पैसा आपला घातला जातो. कधी नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा होतो. यांपैकी कोणत्याही मार्गाने मालकी येत नाही, आणि पुढेमागे विशेष उपजिल्हाधिकाऱ्यासमोर प्रकरण गेले की घर सोडावे लागते. दिलेला पैसा दलालाकडून परत मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

येथे थोडे थांबून हा कायदा आला का हे सांगितले पाहिजे, कारण ‘हा कायदा गरीब बिगर-आदिवासीवर अन्याय करतो’ अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. निजामाच्या अमदानीत या अरण्यात पट्टा कुणाच्या नावे आहे याची गोंडांना व कोलामांना कल्पनाही नसे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन बाहेरून आलेल्या, कागद जाणणाऱ्या लोकांच्या नावे होई, किंवा वनखाते ती आपली म्हणे. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेले; त्यांचा लढा जमिनीचा व जंगलाचाच होता. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून येथील परिस्थितीचा अभ्यास करविला, आणि गोंडांना पट्टे मिळू लागले. पण स्वातंत्र्यानंतरही बाहेरच्या लोकांचा ओघ थांबला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंदरवेल्ली येथे जमिनीच्या व इतर गाऱ्हाण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणेच तेरा माणसे मेली. तेथे आज स्तंभ उभा आहे. इंदरवेल्लीच्या बाजूने येताजाताना तो दिसतो, आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण होते. अहाब राजाने नाबोथाला बदली मळा देऊ केला होता, पैसाही देऊ केला होता. भाव वाईट नव्हता. नाबोथाला वाडवडिलांचे वतन विकावयाचे नव्हते, एवढेच.

म्हणून अनुसूचित गावातील घर किंवा जागा स्वस्त मिळते म्हणून कुणी सांगितले तर आमच्या बिगर-आदिवासी बंधूंनी ती घेऊ नये. तेथे दुरुस्त करण्यासारखा दोषच नाही, कारण तेथे विक्रीच नाही. कोणते गाव अनुसूचित आहे हे नुसते तालुक्यावरून ठरवू नये. आदेशात गावांची नावे आहेत, आणि शेजारशेजारच्या दोन गावांची स्थिती निराळी असू शकते. तहसील कचेरीत गावाचे नाव सांगून लेखी उत्तर घ्यावे. जी कुटुंबे अशा गावात पूर्वीपासून राहतात त्यांनी घाबरून जाऊ नये. १९६३ व १९७० या दोन वर्षांच्या आधीचे व्यवहार निराळ्या दृष्टीने तपासले जातात, म्हणून आजोबांच्या वेळचे कागद सांभाळून ठेवावे व जाणत्या वकिलास दाखवावे. आणि आमच्या वाचकांत जी आदिवासी कुटुंबे असतील त्यांनी ध्यानात घ्यावे की, अशा रीतीने गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी अर्ज करता येतो, आणि अर्ज नसतानाही अधिकाऱ्याला स्वतःहून चौकशी करता येते.

साध्या कागदावरचा व्यवहार

अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावांत निराळाच कागद पुढे येतो. त्याला तेलंगणात साधा बैनामा म्हणतात. कोऱ्या कागदावर किंवा स्वस्त मुद्रांकावर चार ओळी, विकणाऱ्याचा अंगठा, पंचांच्या सह्या, आणि पैसे पोचले असा मजकूर. एकमेकांवरील विश्वासाने असे असंख्य व्यवहार झाले व ते पाळलेही गेले. विकणारा जिवंत असेपर्यंत कुणाला काही वाटत नाही. तो वारला की त्याच्या मुलांच्या नावे पट्टा होतो, आणि साधा बैनामा असलेला माणूस आपल्याच दारात उपरा ठरतो.

शेतजमिनीच्या अशा व्यवहारांना कायदेशीर रूप देण्यासाठी सरकारने २०१६ व २०२० साली अर्ज घेतले होते. २०२० च्या नव्या कायद्यानंतर ते काम न्यायालयात अडकले. १४ एप्रिल २०२५ रोजी तेलंगणात भू-भारती कायद्याचा अंमल सुरू झाला. त्यात २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज केलेल्या लहान शेतकऱ्यांसाठी चौकशीची तरतूद आहे. व्यवहार २ जून २०१४ पूर्वीचा असावा आणि बारा वर्षांचा ताबा असावा, या त्यातील मुख्य अटी. ज्यांनी त्या वेळी अर्ज केला होता त्यांनी पावती शोधून महसूल विभागीय अधिकाऱ्याकडे जावे. आज मात्र कुणी साधा बैनामा करून घर देऊ करीत असेल तर त्याला हात जोडावे. विकणारा जिवंत आहे तोवर रजिस्ट्री करून मागावी. ती देण्यास तो का कूं करीत असेल तर कारण शोधावे.

मुखत्यारपत्रावर घर घेण्याची चाल शहराकडून आता खेड्यातही आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे की मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र यांची जुडी म्हणजे विक्री नव्हे. भूमिहीनांना सरकारने दिलेल्या जमिनीवरील घरही घेऊ नये. १९७७ च्या कायद्याने अशा जमिनीच्या विक्रीस बंदी आहे, आणि सरकार ती परत घेऊ शकते. गावठाणातील घरांचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे. तेथे बहुतेकांपाशी पट्टा नसतो. असते ती घरपट्टीची पावती. पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. तेथे पिढ्यांचा ताबा, जुन्या पावत्या, विजेची बिले व चारी शेजाऱ्यांचे म्हणणे या सर्वांचा मेळ घालून पाहावा लागतो, आणि पुन्हा वारसांच्या सह्या. भू-भारती कायद्यात गावठाणाच्या हक्कनोंदीचीही तरतूद आहे; ती प्रत्यक्ष गावोगाव उतरेल तेव्हा आपापल्या घराची नोंद करून घेण्यास कुणी आळस करू नये.

जुने कागद शोधताना आमच्या भागात एक विशेष अडचण येते. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता; त्या वेळचे दप्तर उर्दूत असून वर्षे फसली सनातली आहेत. फसली आकड्यात ५९० मिळविले की इसवी सन साधारण येतो. म्हणजे १३५९ फसली हे १९४९-५० चे वर्ष. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट व राजुरा हे भाग आदिलाबादमधून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी उरलेल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्यामुळे कागदावर ‘जिल्हा आदिलाबाद’ असले तरी दप्तर आज कोठे आहे हे आधी विचारून घ्यावे. तेलंगणाच्या बाजूस १९५४-५५ ची खसरा पहाणी हा पायाभूत कागद समजला जातो. तीत मालक म्हणून कुणाचे नाव आहे, संरक्षित कूळ म्हणून कुणाचे नाव आहे, आणि तेथून आजच्या विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक पायरी कोणत्या दस्ताने झाली, ही साखळी जुळली पाहिजे. एक कडी तुटली असेल तर तेथेच कुणाचीतरी सही राहिलेली आहे असे समजावे.

इसार देण्याची आपल्याकडे फार घाई असते. ‘दुसरे गिऱ्हाईक आले आहे’ हे वाक्य ऐकताच शहाणा माणूसही खिशात हात घालतो. ज्या घराचा कागद स्वच्छ आहे त्याचा मालक पंधरा दिवस थांबण्यास बहुधा नाराज होत नाही. त्या पंधरा दिवसांत दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मागील तीस वर्षांचा बोजाचा दाखला काढावा, ज्याला लोक आता ईसी म्हणतात. मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहावे. झेरॉक्सवर समाधान मानू नये, कारण मूळ कागद एखाद्या सावकाराच्या वा पतपेढीच्या तिजोरीत असण्याचा संभव असतो. शेतजमिनीतून पाडलेला तुकडा असेल तर तो बिनशेती झाला आहे काय व आराखड्यास मंजुरी आहे काय हे विचारावे. जागा मोजून घ्यावी. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी. ती आपली आजच्या काळातील वेस होय. मग लेखी करार करून थोडाच इसार द्यावा, आणि त्या करारात असे लिहून घ्यावे की, अमुक वारसाचे हक्कसोडपत्र वा अमुक कर्जाचा निरसन-दाखला अमुक दिवसांत विकणाऱ्याने आणावयाचा, न आणल्यास इसार परत. दोष निवारण्याचे काम विकणाऱ्याचे आहे. हस्तांतरण कायदाही ज्ञात दोष सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावरच टाकतो. सर्व पूर्ण झाल्यावर उरलेली रक्कम रजिस्ट्रीच्या दिवशी, बँकेमार्फत.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी हे टाळू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जातिजमातींच्या माणसांना व मर्यादित उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याची कचेरी असते. भावाबहिणींचे तंटे लोक-अदालतीत सामोपचाराने मिटविता येतात, आणि तेथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकुमाचे बळ असते. घर बहिणीच्या नावाने घ्यावयाचे असो वा बहिणीचा वाटा ठरवावयाचा असो, हा मार्ग ध्यानात ठेवावा.

कागद झाल्यावर तो ठेवावा कोठे? यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत चुलतभाऊ हनामेल याच्याकडून सतरा शेकेलांस घेतले, तेव्हा यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला होता आणि तो स्वतः कैदेत होता. तरीही त्याने साक्षीदार बोलाविले, रुपे तोलले, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती बारूखाकडून मातीच्या मडक्यात ठेवविल्या, दीर्घकाळ टिकाव्या म्हणून. आमच्या घरांत वाळवी असते व पावसाळ्यात पत्रे गळतात. तेव्हा पत्र्याची घट्ट झाकणाची पेटी बरी. खरेदीखत हरवलेच तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळते. त्यासाठी दस्ताचा क्रमांक व वर्ष घराच्या पवित्र शास्त्राच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे.

ज्यांना बाप्तिस्म्याच्या वा दफनाच्या नोंदीचा दाखला हवा असेल त्यांनी आपापल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात नावे व अंदाजे वर्ष घेऊन जावे. आणि कागद दाखवावयाचे असतील तर ते इसार देण्यापूर्वी दाखवावे.